अंधांचा अक्षरदाता : लुई ब्रेल



प्रभूच्या प्रकटीकरणाचा सण, म्हणजे आपल्या बोलीतला तीन राजांचा सण, जवळ आला की आम्हांला एका शिक्षकाची आठवण येते. ६ जानेवारी १८५२ रोजी, म्हणजे नेमक्या याच सणाच्या तारखेला, पॅरिसमधल्या अंधशाळेत क्षयाने त्यांचा अंत झाला. दोन दिवसांपूर्वीच त्यांना ४३ वर्षे पूर्ण झाली होती. अखेरचे संस्कार त्यांनी भक्तिभावाने स्वीकारले होते. पॅरिसच्या वर्तमानपत्रांनी त्यांच्या मृत्यूची दखलही घेतली नाही. आज जगाच्या पाठीवर जिथे जिथे एखादा अंध मुलगा बोटांनी पुस्तक वाचतो, तिथे तिथे त्या शिक्षकाचे आडनाव उच्चारले जाते. ते लुई ब्रेल.

लुईचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी पॅरिसच्या पूर्वेला असलेल्या कूव्रे या खेड्यात झाला. चार भावंडांत तो धाकटा. वडील सिमोन-रने घोड्यांची खोगिरे आणि लगाम बनवीत. घराला लागूनच त्यांचे कामाचे दालन होते. तीन वर्षांचा लुई एकदा तिथे खेळताना कातड्याला भोक पाडण्याचे टोकदार हत्यार हाती धरून वडिलांची नक्कल करू लागला. हात निसटला आणि हत्यार डोळ्यात गेले. जखम चिघळली, संसर्ग दुसऱ्या डोळ्यात उतरला. पाच वर्षांचा होईतो त्याला काहीच दिसेनासे झाले.

त्या काळी खेड्यातल्या अंध मुलाचे भवितव्य ठरलेले असे. घर बरे असेल तर कोपऱ्यात बसून खायचे, नसेल तर चर्चच्या पायरीवर हात पसरायचे. (ही पायरी आम्ही मुद्दाम लिहिली आहे, तिच्याकडे पुढे यायचे आहे.) लुईच्या आईवडिलांनी मात्र त्याला कामाला लावले. वडिलांनी काठ्या करून दिल्या आणि एका लाकडी फळीवर खिळे ठोकून अक्षरांचे आकार उभे केले. त्यांवर बोट फिरवून पोराने अक्षरे ओळखावीत अशी त्यांची युक्ती होती. पुस्तकी शिक्षण नसलेल्या कारागिराला सुचलेली ही गोष्ट पुढे मोठमोठ्या अधिकाऱ्यांना पटवताना किती वर्षे गेली हे आपण पाहूच.

१८१५ च्या सुमारास कूव्रेला फादर जाक पाल्युई हे नवे धर्मगुरू आले. त्यांनी या मुलाची बुद्धी हेरली. ते त्याला बायबलमधल्या कथा सांगत, फुले वासावरून आणि पक्षी आवाजावरून ओळखायला शिकवत. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. गावच्या शाळामास्तरांकडे जाऊन त्यांनी लुईला डोळस मुलांच्या वर्गात बसवून घ्यायला लावले. आज आपण ज्याला समावेशक शिक्षण म्हणतो आणि ज्याच्यावर परिसंवाद भरवतो, ते एका खेड्यातल्या पाद्र्याने आणि मास्तराने दोनशे वर्षांपूर्वी कोणताही ठराव न करता केले. लुई ऐकून ऐकून वर्गात पुढे गेला. लिहिता-वाचता मात्र येईना, कारण त्याच्यासाठी पुस्तकच नव्हते. तेव्हा फादर पाल्युईंनी गावच्या उमरावाला गाठले, त्याच्या शिफारसीने पॅरिसच्या राजकीय अंधशाळेत शिष्यवृत्ती मिळाली आणि फेब्रुवारी १८१९ मध्ये दहा वर्षांचा लुई वडिलांचे बोट धरून पॅरिसला आला.

ही शाळा ज्या वास्तूत भरत असे तिचा इतिहास आपल्याला जवळचा आहे. १६२५ च्या सुमारास संत व्हिन्सेंट डी पॉल यांनी आपल्या मिशन संघाची सुरुवात याच जागेत केली. पुढे तिथे सेंट फर्मिन सेमिनरी झाली. फ्रेंच राज्यक्रांतीत तिचा तुरुंग करण्यात आला आणि सप्टेंबर १७९२ मध्ये तिथे कोंडलेल्या अनेक धर्मगुरूंची कत्तल झाली. ज्या भिंतींनी इतके पाहिले होते, त्या भिंतींच्या आत आता अंध मुले राहत होती. इमारत जुनाट, ओलसर, अंधारी. अंधांना उजेड कशाला, असा हिशेब कुणी केला असेल तर नवल नाही. त्या ओलीने मुले खंगत. ब्रेल यांना पुढे जो क्षय जडला त्याचे मूळ याच भिंतींत होते असे त्यांचे चरित्रकार मानतात.

शाळेचे संस्थापक व्हॅलेंटिन हाऊई हे थोर मनाचे गृहस्थ. १७७१ साली पॅरिसच्या एका जत्रेत त्यांनी अंधांच्या एका वाद्यवृंदाची थट्टा पाहिली. त्यांना विचित्र टोप्या आणि चष्मे घालून, समोर संगीताचे कागद मांडून लोकांना हसवण्यासाठी बसवले होते. ते पाहून हाऊई अस्वस्थ झाले आणि त्यांनी अंधांसाठी शाळा काढली. जाड ओल्या कागदावर आपली नेहमीची रोमन अक्षरे उठावदार दाबून त्यांनी पुस्तके तयार केली. अंधांना वाचता येईल ही गोष्टच जगाला नवी होती, म्हणून हाऊईंचे ऋण मोठे आहे. पण ती पुस्तके अवाढव्य आणि जड असत. एकेक अक्षर बोटाने चाचपून त्याचा आकार ओळखायचा आणि ओळीच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरायची, अशी गत होई. शिवाय त्या पद्धतीत अंधाला स्वतः लिहिणे जवळजवळ अशक्य होते. म्हणजे दुसऱ्यांनी निवडून दिलेले वाचायचे आणि आपले म्हणणे तोंडीच ठेवायचे.

१८२१ मध्ये शार्ल बार्बिये नावाचे निवृत्त लष्करी अधिकारी आपली एक लिपी घेऊन या शाळेत आले. उठावदार ठिपक्यांनी उच्चार नोंदवण्याची ती पद्धत होती. दोन उभ्या रांगा, प्रत्येकीत जास्तीत जास्त सहा ठिपके. मुलांच्या बोटांना हे ठिपके रेषांपेक्षा कितीतरी लवकर कळले. दोषही होते. बारा ठिपक्यांची ती उंच चौकट बोटाच्या टोकाखाली मावत नसे, बोट वर-खाली न्यावे लागे. तिच्यात शब्दलेखनाचे नियम नव्हते, विरामचिन्हे नव्हती, संगीत लिहिता येत नसे. कोवळ्या लुईने हे सुधारायचे मनावर घेतले. आपल्या लिपीत पोराने हात घालावा हे बार्बिये यांना आरंभी रुचले नाही म्हणतात. रात्री वसतिगृहात, सुट्टीत कूव्रेला घरी, कागदावर टोकदार सळईने टोचे मारत लुई बसे. वडिलांच्या दालनातल्या ज्या प्रकारच्या हत्याराने डोळे नेले, तसलेच काहीसे हे साधन. १८२४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याची लिपी आकाराला आली.

ती इतकी साधी आहे की आपण रविवारी मिस्साहून घरी गेल्यावर मुलांना कागदावर काढून दाखवू शकाल. दोन उभ्या रांगा, प्रत्येकीत तीन ठिपके, एकूण सहा. यांतले काही उठवायचे, काही रिकामे ठेवायचे. अशा ६३ वेगवेगळ्या आकृत्या होतात. पहिली दहा अक्षरे फक्त वरच्या चार जागांत बसवली आहेत. पुढच्या दहांसाठी त्याच आकृत्यांना खालचा डावा ठिपका जोडायचा. त्यानंतरच्यांना खालचे दोन्ही. आणि संपूर्ण अक्षर एकाच स्पर्शात बोटाच्या टोकाखाली येते. बोट खाली-वर न जाता सरळ पुढे धावते. खाचांची पट्टी आणि सळई असली की अंध माणूस कोणाच्याही मदतीशिवाय लिहूही शकतो.

१८२९ मध्ये ब्रेल यांनी या पद्धतीचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या शीर्षकात शब्द आणि संगीत यांच्या बरोबरीने उपासनेतल्या साध्या गायनाचाही उल्लेख आहे. विशीतल्या त्या तरुणाच्या डोळ्यांसमोर (हा वाक्प्रचार इथे चालेल ना?) चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा, गाणारा, आपली उपजीविका करणारा अंध होता. पुस्तकात त्यांनी बार्बिये यांचे ऋण मोकळेपणाने मान्य केले.

इथे थोडे विषयांतर करतो. आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत होतो तेव्हा मोलिन्यू याचा प्रश्न आम्हांला अभ्यासाला होता. जन्मांध माणसाला घन आणि गोल स्पर्शाने ओळखता येतात. त्याला अचानक दृष्टी आली तर केवळ पाहून कोणता घन आणि कोणता गोल हे तो सांगू शकेल का? लॉकने हा प्रश्न आपल्या ग्रंथात घेतला आणि मग युरोपातल्या विद्वानांनी त्यावर पिढ्यान्पिढ्या शाई खर्च केली. आम्हीही परीक्षेत त्यावर भरपूर पाने लिहिली आणि गुण मिळवले. पण अंधाला दृष्टी आली तर काय, यावर इतका विचार करणाऱ्या आमच्यासारख्यांना, दृष्टी नसताना त्याने वाचायचे कसे, हा प्रश्न सुचला नाही याची जाणीव आम्हांला फार उशिरा झाली.

आता अडथळ्यांची गोष्ट. मुलांनी ही लिपी पटकन आत्मसात केली. त्या वेळचे संचालक पिन्ये अनुकूल होते, ब्रेल यांना त्यांनी आधी सहायक आणि १८३३ मध्ये शिक्षक नेमले. तरीही लिपीला अधिकृत मान्यता मिळेना. विरोध करणारे दुष्ट नव्हते हे लक्षात घेतले पाहिजे. त्यांचा युक्तिवाद ऐकायला चांगला होता : अंधांना निराळी लिपी दिली तर ते समाजापासून निराळे पडतील. म्हणून त्यांनी आपल्यासारखीच अक्षरे वाचावीत. यात एवढेच राहून गेले की डोळस माणसाला जे वाचायला सोपे दिसते ते बोटाला सोपे असतेच असे नाही, आणि ठरवणारे सगळे डोळस होते. ठिपक्यांकडे पाहून त्यांना काही कळत नसे, आणि जे आपल्याला कळत नाही ते शिकण्याची पाळी आपल्यावर यावी हे शिक्षकाला जड जाते. आम्ही स्वतःवरून सांगतो.

१८४० मध्ये पिन्ये यांना पदावरून दूर केले गेले आणि त्यांचे सहकारी द्युफो संचालक झाले. त्यांनी शाळेत ब्रेल लिपीला बंदी घातली. जुनी पुस्तके आणि मुलांनी हाताने उतरवून घेतलेली पुस्तके जाळण्यात आली असे ब्रेल यांचे चरित्रकार सांगतात. लिहिण्याची साधने काढून घेतली. मुलांनी काय केले? विणायच्या सुया, काटे, खिळे, जे हाती लागेल त्याने लपूनछपून टोचे मारले. मोठ्यांनी धाकट्यांना अंथरुणात शिकवले. ज्या शिक्षकाची ही लिपी होती तो त्याच इमारतीत खोकत होता, त्याला १८३५ पासून क्षयाने ग्रासले होते. बंडाची भाषा त्याच्याकडून कोणी ऐकली नाही. अखेर द्युफो यांचे मदतनीस ग्वादे यांनी मुलांचे वाचन जवळून पाहिले आणि संचालकांचे मन वळवले. शाळा नव्या, कोरड्या इमारतीत गेली आणि फेब्रुवारी १८४४ मधल्या तिच्या उद्घाटन समारंभात ब्रेल लिपीचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. एकाने सांगितलेला मजकूर एका मुलाने लिहायचा आणि तो मजकूर न ऐकलेल्या दुसऱ्याने येऊन वाचून दाखवायचा. यात काही लबाडी तर नाही ना, अशी शंका घेणारे त्या सभेतही होतेच.

शिक्षक म्हणून ब्रेल शांत आणि नेमके होते. आधी सेंट निकोलस चर्चमध्ये आणि नंतर व्हिन्सेंटच्या मिशनऱ्यांच्या चर्चमध्ये ते ऑर्गन वाजवीत. आपल्यापेक्षा गरजू अशा अंध वादकासाठी त्यांनी मिळालेली एक जागा सोडली होती. अंध मुलांना डोळस आईवडिलांना पत्र लिहिता यावे म्हणून १८३९ मध्ये त्यांनी आणखी एक पद्धत काढली, जिच्यात ठिपक्यांनीच नेहमीची अक्षरे उमटतात. वेगळी लिपी अंधांना घरापासून तोडील या आक्षेपाला त्यांनी असे उत्तर दिले. पुढे फुको नावाच्या अंध मित्राने त्यासाठी यंत्रही बनवले. मृत्यूनंतर त्यांच्याकडे एक लाकडी पेटी निघाली. न उघडता जाळावी अशी त्यांची इच्छा होती. कुतूहलापोटी ती उघडलीच गेली आणि आत विद्यार्थ्यांना वेळोवेळी उसने दिलेल्या पैशांच्या चिठ्ठ्या सापडल्या. त्यांना ती वसुली कोणाच्याही डोक्यावर ठेवायची नव्हती.

मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १८५४ मध्ये, त्यांच्याच शाळेने लिपी अधिकृतपणे स्वीकारली. १८७८ च्या पॅरिस परिषदेने तिला आंतरराष्ट्रीय मान्यता दिली. १९५२ साली त्यांचे अवशेष फ्रान्सच्या थोर पुरुषांच्या स्मारकात, पॅंथिऑनमध्ये, हलवण्यात आले. त्या सोहळ्याला हेलन केलर हजर होत्या. गावकऱ्यांच्या आग्रहाने हात मात्र कूव्रेलाच ठेवले गेले. ते आजही तिथल्या दफनभूमीत एका लहान कलशात आहेत.

आपल्याकडे अंधांच्या शाळा मिशनऱ्यांनी सुरू केल्या. १८८७ मध्ये ॲनी शार्प यांनी अमृतसरला आणि १९०० मध्ये ॲना मिलार्ड यांनी मुंबईत. पण बराच काळ वेगवेगळ्या प्रांतांत वेगवेगळी ब्रेल चालत होती. १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरली आणि सर्व भारतीय भाषांना एकच पद्धत मिळाली. मराठीतला क, म, ल हे लुईने फ्रेंचमधल्या के, एम, एल यांसाठी योजलेल्या ठिपक्यांनीच लिहिले जातात. २०१४ मध्ये माराकेश कराराला मंजुरी देणारा भारत हा पहिला देश ठरला. छापील पुस्तके ब्रेलमध्ये वा ध्वनिरूपात आणताना कॉपीराइटची आडकाठी येऊ नये यासाठी तो करार आहे. आणि २०१६ चा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आहे. यातले शब्द बदलत गेले, अपंग, विकलांग, आता दिव्यांग. शब्द बदलायला खर्च येत नाही, म्हणून तो लवकर बदलतो.

त्या कायद्यातली एक तरतूद आम्ही अलीकडेच नीट वाचली. सार्वजनिक इमारत म्हणजे काय, हे सांगताना त्यात धार्मिक कामासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतींचा स्पष्ट उल्लेख आहे. अशा जुन्या इमारती, नियम जाहीर झाल्यापासून पाच वर्षांच्या आत सर्वांना वापरता येतील अशा करायच्या होत्या. नियम जून २०१७ मध्ये जाहीर झाले. म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की, सुगम्यतेचे निकष केवळ सूचनावजा ठेवून भागणार नाही, ते बंधनकारक हवेत. आपल्या चर्चच्या मुख्य दाराला पाच पायऱ्या आहेत, कठडा नाही. वेदीकडे जायला आणखी तीन. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या आपल्या दोन वृद्ध भगिनी मंडपात बसून मिस्सा ऐकतात आणि आम्ही ख्रिस्तशरीर बाहेर नेऊन देतो. ते आम्हांला आजवर प्रेमाचे काम वाटत आले. उताराचा विषय पॅरिश कौन्सिलमध्ये दोनदा आला आणि दर्शनी भागाची शोभा जाईल म्हणून मागे पडला. तेव्हा अध्यक्षस्थानी आम्हीच होतो.

ख्रिस्तसभेनेही हे टप्प्याटप्प्याने शिकले आहे. १९१७ च्या धर्मसंहितेत शारीरिक व्यंगामुळे वेदीवरची सेवा नीट वा शोभेलशी करता येत नसेल तर तो गुरुदीक्षेला अडथळा मानला जाई, खास सूट मिळाली तरच तो दूर होई. १९८३ च्या संहितेत ते कलम उरले नाही.

आपल्या धर्मग्रामातल्या एका अंध तरुणीने दोन वर्षांपूर्वी रविवारच्या मिस्सात पहिले वाचन करण्याची इच्छा दाखवली होती. आम्ही तिचे कौतुक केले आणि ब्रेलमधले वाचन मिळाले की पाहू म्हणून सांगितले. ते मिळवण्यासाठी आम्ही काहीही केले नाही. गेल्या महिन्यात ती पुन्हा आली. वाचन भावाकडून ऐकून तिने स्वतःच ब्रेलमध्ये उतरवून आणले होते. मिळवून देणे आमचे काम होते, तिचे नव्हे, हे तिने म्हटले नाही. आम्ही ते पान हातात घेऊन पाहिले. आम्हांला त्यातले एक अक्षरही वाचता आले नाही.

पुढच्या रविवारी सकाळी ८ च्या मिस्सात पहिले वाचन ती करील. वेदीच्या तीन पायऱ्यांना तोवर कठडा बसलेला असेल, काम सोमवारी सुरू होत आहे. रविवारची वाचने यापुढे आदल्या सोमवारीच कार्यालयात ध्वनिमुद्रित करून ठेवली जातील. ज्यांना हवी असतील त्यांनी न्यावीत. दाराच्या उताराचा नकाशा आणि खर्चाचा अंदाज महिनाअखेर कौन्सिलसमोर येत आहे. बैठक यावेळी मंडपात घेऊ, म्हणजे त्या दोघी भगिनींनाही बसता येईल.

आपले धर्मगुरू